सात पुलांचें कोडें आणि आमच्या पाट्या

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं पावसाची झड अशी लागली कीं, मधल्या सुटींत मुलांस मैदानावर सोडतां येईना. तेव्हां वर्ग शांत राहावा एवढ्याच हेतूनें आम्हीं सातवीच्या वर्गांत फळ्यावर दोन आकृत्या काढल्या. पहिली आकृति उघड्या पाकिटाची. म्हणजे एक चौकोन, त्याचे दोन कर्ण, आणि वरच्या बाजूवर पाकिटाच्या उघड्या झांकणासारखा त्रिकोण. दुसरी आकृति तीच, परंतु झांकणावांचून. नुसता चौकोन आणि त्याचे दोन कर्ण. मुलांस इतकेंच सांगितलें कीं, पेन्सिल न उचलतां व कोणतीही रेघ दोनदां न गिरवतां या दोन्ही आकृत्या काढून दाखवा. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं हा खेळ लहानपणीं पाटीवर खेळलेला असेल. पहिली आकृति पांच-सात मुलांनीं दहा मिनिटांच्या आंत काढली. दुसरी कोणासच साधली नाहीं, आणि घंटा झाली.

आम्हांस वाटलें, विषय संपला. परंतु एका मुलाच्या मनांत तो संपला नव्हता. आठ दिवसांनीं त्याचे वडील शाळेंत आले. त्यांच्या हातांत मुलाची गणिताची वही होती, आणि तिचीं शेवटचीं सतरा-अठरा पानें चौकोनांनीं भरून गेलीं होतीं. कित्येक चौकोनांत एकच कर्ण होता, कित्येकांत एक बाजू राहिली होती. कागद खोडून खोडून फाटला होता. ते म्हणाले, "मास्तर, ही गणिताची वही. हिच्यांत गणित कोठें आहे तें तुम्हीच दाखवा. हें चित्र निघतें कीं नाहीं एवढें मला सांगा, म्हणजे मी पोराला घरीं सांगून मोकळा होईन."

आम्ही म्हणालों, "निघत नाहीं."

"निघत नाहीं तर मुलांना काढावयास कां दिलें?" आणि थोडें थांबून, "आणि निघत नाहीं हें तुम्हांस तरी कशावरून ठाऊक? माझ्या मुलाला जमलें नाहीं. दुसऱ्या एखाद्या हुशार मुलाला जमलें तर?"

हे दोन्ही प्रश्न रास्त होते. त्यांतला दुसरा तर इतका नेमका होता कीं, वर्गांतील एकाही मुलानें तो आम्हांस विचारला नव्हता, याचें आम्हांस मागाहून वाईट वाटलें. त्या वेळीं तासाची घंटा झाली होती, व आम्हीं त्या गृहस्थांस जें उत्तर दिलें तें अपुरें होतें. तें पुरें करावें म्हणून हा लेख.

उत्तरासाठीं आपणांस दूर जावें लागेल. बाल्टिक समुद्रापासून जवळच, पूर्व प्रशियांत कोनिग्सबर्ग नांवाचें शहर होतें. नांवाचा अर्थ राजाचा डोंगर. आपण त्यास राजगड म्हटलें असतें. प्रेगेल नदी त्या शहरांतून वाहत असे, आणि शहरांतच तिचे फांटे होऊन मध्यें क्नाइपहोफ नांवाचें बेट राहिलें होतें. बेटाच्या पूर्वेस, नदीच्या दोन फांट्यांच्या मध्यें, जमिनीचा आणखी एक भाग होता. म्हणजे उत्तरेचा कांठ, दक्षिणेचा कांठ, बेट आणि पूर्वेचा भाग असे चार भूभाग झाले. त्यांस जोडणारे पूल सात. बेटावरून उत्तर कांठास दोन, दक्षिण कांठास दोन, पूर्वभागास एक. शिवाय पूर्वभागावरून उत्तर कांठास एक व दक्षिण कांठास एक. पुलांचीं नांवेंही मोठीं मजेचीं होतीं: लोहारांचा पूल, लांकडाचा पूल, हिरवा पूल, उंच पूल, मधाचा पूल.

या शहरांत एक प्रश्न लोकांच्या तोंडीं असे. घरून फिरावयास निघावें, सातही पूल ओलांडावे, परंतु एकही पूल दोनदां ओलांडूं नये, असें कोणास करतां येईल काय? कित्येक म्हणत कीं, नाहीं. कित्येकांस शंका वाटे. होय असें म्हणणारा मात्र कोणी निघाला नव्हता. आमच्या विद्यार्थ्याच्या वहींत जें चाललें होतें, तेंच त्या शहरांतल्या रस्त्यांवर चाललें होतें म्हणा ना.

हा प्रश्न लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाच्या कानावर गेला. ऑयलर मूळचा स्वित्झर्लंडांतील बाझेल गांवचा. जन्म १७०७ सालचा. त्या वेळीं तो रशियांत सेंट पीटर्सबर्ग येथील विद्वत्परिषदेंत होता. डान्झिग शहराचे नगराध्यक्ष एलर यांच्याशीं त्याचा पत्रव्यवहार होता, व त्या पत्रांतून या पुलांचा उल्लेख येतो. १७३६ च्या एप्रिलांत ऑयलरनें त्यांस जें उत्तर लिहिलें, त्याचा आशय आमच्या पालकवर्गानें लक्षांत घेण्यासारखा आहे. तो म्हणतो कीं, या प्रश्नाच्या उत्तराचा गणिताशीं फारसा संबंध नाहीं. तें केवळ विचाराच्या बळावर मिळतें. तेव्हां इतर कोणाकडून न मागतां तें गणितज्ञाकडूनच कां मागावें, हें आपणांस कळत नाहीं. म्हणजे "यांत गणित कोठें आहे?" हा प्रश्न खुद्द ऑयलरनेंही विचारलेला होता! तरी त्यानें तें कोडें टाकून मात्र दिलें नाहीं. २६ ऑगस्ट १७३५ रोजीं, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, त्यानें आपला निबंध परिषदेपुढें ठेवला होता. एकवीस परिच्छेदांचा तो लहानसा निबंध १७४१ सालीं छापून निघाला.

त्यांतील विचार असा. सात पूल कोणत्या क्रमानें ओलांडावयाचे याचे सर्व क्रम मांडूं म्हटलें तर ते ५०४० होतात. ते सर्व मांडून एकेक तपासतां येईल; पण तें काम कंटाळवाणें आहे, आणि पूल सातांऐवजीं सत्तर असले तर तें करणें मनुष्याच्या हातचें राहणार नाहीं. म्हणून ऑयलरनें वाटा तपासण्याचें सोडून ठिकाणें पाहिलीं. प्रत्येक भूभागास किती पूल लागलेले आहेत तें मोजावें. बेटास पांच, उत्तर कांठास तीन, दक्षिण कांठास तीन, पूर्वभागास तीन. एखाद्या ठिकाणास जितक्या वाटा येऊन मिळतात, त्या संख्येस त्या ठिकाणाची कोटि म्हणतात, आणि त्या ठिकाणास शिरोबिंदु म्हणतात. हे शब्द अवजड वाटले तर नाका आणि नाक्यावरच्या वाटा असें मनांत म्हणावें. कांहीं बिघडत नाहीं.

आतां पाहा. तुम्ही फिरतां फिरतां एखाद्या नाक्यावर आलां आणि पुढें गेलां, म्हणजे त्या नाक्यावरच्या दोन वाटा खर्ची पडल्या; एक येण्याची, एक जाण्याची. पुन्हां त्याच नाक्यावरून गेलां तर आणखी दोन. मधून जाणाऱ्यास वाटा नेहमीं जोडीजोडीनें लागतात. मग ज्या नाक्यावर वाटांची संख्या विषम आहे, तेथें एक वाट बिनजोडीची उरणार. ती वाट एकतर निघण्याच्या कामीं येईल, नाहींतर थांबण्याच्या. म्हणजे विषम नाका हा फिरण्याचा आरंभ तरी असला पाहिजे, किंवा शेवट तरी. आणि कोणत्याही फिरण्यास आरंभ एकच, शेवटही एकच. यास्तव विषम नाके दोहोंपेक्षां अधिक असतील तर तें फिरणें होणें नाहीं. कोनिग्सबर्गांत चारही ठिकाणें विषम. तेव्हां तेथें तसें फिरतां येणार नाहीं. काल आलें नाहीं, आज येणार नाहीं, आणि कितीही हुशार मनुष्य आला तरी त्यास येणार नाहीं.

पालकांच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर यांत आलें. झांकण नसलेल्या चौकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यास दोन बाजू व एक कर्ण अशा तीन रेघा मिळतात. चार कोपरे, चारही विषम. कर्ण जेथें एकमेकांस छेदतात तेथें चार रेघा मिळतात, पण तें ठिकाण सम असल्यामुळें त्याची अडचण नाहीं. उघड्या पाकिटांत मात्र झांकणाच्या दोन रेघा वरच्या दोन कोपऱ्यांस येऊन मिळाल्या, म्हणून ते तीनांचे चार झाले. विषम राहिले फक्त खालचे दोन. म्हणून तें चित्र निघतें. पण खालच्या एका कोपऱ्यापासून आरंभ केला तरच, आणि तें खालच्या दुसऱ्या कोपऱ्यावरच संपतें. ज्या मुलांनीं वरून आरंभ केला असेल, त्यांची पेन्सिल कां अडली हें आतां त्यांच्या ध्यानांत येईल.

येथें एक लहानशी गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं, कारण ती मुलांस फार आवडते. समजा, आपल्या वार्षिक स्नेहसंमेलनास पाहुणे जमले आहेत, आणि ते एकमेकांशीं हस्तांदोलन करीत आहेत. कोणी एकाशीं केलें, कोणी दहांशीं केलें, कोणी कोणाशींच केलें नाहीं. प्रत्येकानें किती वेळां हात मिळविला तें विचारून बेरीज करा. ती बेरीज सम येणार. कारण प्रत्येक हस्तांदोलन दोघांच्या हिशेबांत एकेकदां धरलें गेलें आहे. त्यावरून असें निघतें कीं, ज्यांनीं विषम वेळां हात मिळविला अशा पाहुण्यांची संख्या नेहमीं सम असते. पुलांचेंही तसेंच. पांच, तीन, तीन, तीन मिळून चौदा. म्हणजे सातांची दुप्पट. म्हणून ज्या नकाशांत विषम नाका एकच आहे, किंवा तीन आहेत, असा नकाशा जगांत कोठेंही सांपडावयाचा नाहीं. हा नियमही ऑयलरच्या त्याच निबंधांत आहे.

आतां आमचें मत. आपल्या घरांत आणि (आम्ही आमच्याकडेही बोट दाखवितों) आपल्या वर्गांत "नाहीं" हा शब्द फार स्वस्त झाला आहे. मुलानें विचारलें, असें कां करतां येत नाहीं? उत्तर मिळतें, नाहीं म्हणजे नाहीं. शून्यानें भागतां येत नाहीं, कां? पुस्तकांत तसें लिहिलें आहे. समांतर रेषा मिळत नाहींत, कां? पाठ कर. अशा शंभर नकारांच्या ओझ्याखालीं मूल वाढतें, आणि मग त्यास प्रत्येक "नाहीं" सारखाच दिसूं लागतो. एक "नाहीं" असा असतो कीं, आजवर कोणास जमलें नाहीं. दुसरा असा कीं, मोठ्यांस तें नको आहे. आणि तिसरा असा कीं, तें होणेंच शक्य नाहीं, व त्याचें कारण हातांत घेऊन पाहतां येतें. या तिन्हींतला भेद ज्यास कळत नाहीं, तो पहिल्या नकारापुढें उगीच हात टेकतो, दुसऱ्यापुढें मनांतल्या मनांत कुढतो, आणि तिसऱ्याशीं जन्मभर डोकें आपटीत राहतो. सात पुलांचें कोडें मुलांस हा भेद शिकवितें, आणि तोही एका तासांत, पाटी-पेन्सिलीच्या खर्चांत. याहून स्वस्त धडा आम्हांस माहीत नाहीं.

कोणी म्हणेल, परीक्षेंत हें येत नाहीं. खरें आहे; येत नाहीं. पाढे पाठ हवेत, त्रैराशिक हवें, व्याजाचा हिशेब हवा. तें सोडून चित्रें काढीत बसा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु गणिताच्या पुस्तकाच्या शेवटीं उत्तरें छापलेलीं असतात, आणि त्यामुळें मुलांची अशी समजूत होते कीं, प्रश्न म्हटला म्हणजे त्यास उत्तर असलेंच पाहिजे, आणि तें एक आंकडा असलें पाहिजे. जगांतले प्रश्न तसे नसतात. "हें होणार नाहीं, आणि कां तें पाहा" हेंही एक उत्तर आहे. मुलानें तसें उत्तर कारणासहित लिहिलें तर त्यास पूर्ण गुण मिळावेत, असें आम्ही शिक्षकबंधूंस सुचवितों.

आमची चूक येथेंच झाली होती, ती कबूल करावयास हवी. अशक्य कोडें मुलांस दिलें, यांत आम्ही दोष मानीत नाहीं. ऑयलरला जर कोणी आधींच सांगितलें असतें कीं, तें होत नाहीं, सोडून दे, तर एक शास्त्र जन्मास येण्यास किती वर्षें लागलीं असतीं कोण जाणे. दोष हा कीं, "होत नाहीं" हेंही उत्तर असूं शकतें हें आम्हीं मुलांस सांगितलें नाहीं. "काढून दाखवा" म्हणालों, "काढतां येतें काय?" असें विचारावयास हवें होतें. दोन शब्दांचा फरक, पण त्यापायीं एक मुलगा आठ दिवस स्वतःस मंद समजत बसला. कोडें अवघड होतें म्हणून तो रडला असता तर आम्हांस कांहीं वाटलें नसतें. परंतु आपणांस अक्कल नाहीं असें वाटून तो कष्टी झाला, हें मनास लागलें.

ऑयलरनें एक गोष्ट अर्धवट ठेवली होती, तीही सांगूं. विषम नाके दोहोंपेक्षां अधिक असले तर फिरणें होत नाहीं, हें त्यानें दाखविलें. परंतु विषम नाका एकही नसला, किंवा दोनच असले, तर फिरणें खात्रीनें होतें, हें त्यानें म्हटलें तरी पुरतें सिद्ध केलें नाहीं. तें काम कार्ल हीरहोल्झर या जर्मन तरुणानें केलें. त्याची युक्ति अशी. समजा, सर्व नाके सम आहेत व नकाशा एकसंध आहे. कोठूनही निघावें आणि न वापरलेल्या वाटेनें चालत राहावें. वाटेंतल्या कोणत्याही नाक्यावर आलां तर बाहेर पडावयास वाट असणारच. कारण सम संख्येंतून येण्याची एक वाट गेली कीं विषम संख्या उरते, आणि विषम संख्या शून्य कधींच नसते. अडकाल तर जेथून निघालां तेथेंच अडकाल. म्हणजे एक फेरी पुरी झाली. कांहीं वाटा उरल्या असतील, तर फेरींतल्या ज्या नाक्यास उरलेली वाट लागलेली आहे तेथून तशीच दुसरी फेरी काढावी, आणि हारांत फूल ओंवावें तशी ती पहिल्या फेरींत ओंवावी. वाटा संपेपर्यंत असेंच करीत जावें. विषम नाके दोन असतील, तर त्या दोहोंस जोडणारी एक कल्पित वाट घ्यावी, फेरी पुरी करावी, आणि शेवटीं ती कल्पित वाट काढून टाकावी. हीरहोल्झरनें हें आपल्या सहकाऱ्यांस तोंडीं सांगितलें होतें. लिहून ठेवण्यापूर्वींच १८७१ सालीं वयाच्या तिसाव्या वर्षीं तो वारला. वीनर व ल्यूरोथ या त्याच्या स्नेह्यांनीं आठवून आठवून तें उतरविलें, आणि १८७३ सालीं त्याच्या नांवानें छापलें. दुसऱ्याचें श्रेय दुसऱ्यास देण्याचा हा प्रकार आम्हांस त्या सिद्धतेइतकाच सुंदर वाटतो.

आणखी एक आश्चर्य. आज आपण ठिपके आणि रेघा काढून हें कोडें समजावतों. पण ऑयलरच्या निबंधांत तसें चित्र नाहीं. तें प्रथम १८९२ सालीं राऊज बॉल या इंग्रज गणितज्ञानें गणिती करमणुकींवर लिहिलेल्या पुस्तकांत आलें. आणि या शास्त्राचें पहिलें पाठ्यपुस्तक डेनेश कोनिग या हंगेरियन पंडितानें लिहिलें तें १९३६ सालीं. एका फिरण्याच्या कोड्यापासून पाठ्यपुस्तकापर्यंत दोनशें वर्षें लागलीं. "याचा पुढें उपयोग काय?" असें विचारून मुलांस घाई करणाऱ्यांनीं हा काळ मनांत धरावा.

आणि न उचललेल्या रेघेचा छंद युरोपाचा एकट्याचा नव्हे. आपल्या शेजारच्या तामिळ प्रांतांत स्त्रिया दारापुढें ठिपक्यांभोवतीं अखंड वळणाची रांगोळी काढतात, तिला तेथें कोलम म्हणतात. कांहीं कोलम एकाच अखंड रेघेचे असतात. प्रशांत महासागरांत मालेकुला नांवाचें बेट आहे. तेथील लोक वाळूंत बोटानें गुंतागुंतीचीं चित्रें काढतात. बोट उचलावयाचें नाहीं, आणि बहुधा जेथून निघालें तेथेंच परत यावयाचें. त्यांची समजूत अशी कीं, मेलेल्या माणसाचा जीव परलोकीं जात असतां वाटेंत एक राक्षसीण बसलेली असते. ती असें एक चित्र काढून अर्धें पुसून टाकते, आणि ज्यास तें पुरें करतां येत नाहीं त्यास खाऊन टाकते. आमच्या परीक्षा त्या मानानें बऱ्याच म्हणावयाच्या! बर्नार्ड डीकन नांवाच्या इंग्रज तरुणानें तेथें राहून हीं चित्रें उतरवून घेतलीं. १९२७ सालीं तो तेथेंच तापानें वारला. वय अवघें चोवीस. त्याचीं चित्रें १९३४ सालीं प्रसिद्ध झालीं.

उपयोगाविषयीं ज्यांचें समाधान झाल्यावांचून राहत नाहीं, त्यांच्याकरितां दोन उदाहरणें. टपालवाला रोज आपल्या भागांतल्या प्रत्येक गल्लींतून जातो व कचेरींत परत येतो. प्रत्येक नाका सम असला तर त्यास कोणतीही गल्ली दोनदां तुडवावी लागणार नाहीं. पण जो बोळ पुढें बंद आहे त्याच्या टोकाची कोटि एक. तेथें आंत जाऊन परत यावेंच लागतें. मग कोणत्या गल्ल्या दोनदां चालल्या असतां एकंदर चाल सर्वांत कमी होईल? हा प्रश्न चिनी गणितज्ञ ग्वान मेइगू यांनीं १९६० सालीं मांडला, आणि जगभर तो चिनी पोस्टमनचा प्रश्न म्हणून ओळखला जातो. रस्ते झाडणाऱ्या गाड्या कशा फिरवाव्या हाही त्याच जातीचा प्रश्न आहे.

दुसरें उदाहरण जीवशास्त्रांतलें. प्रत्येक प्राण्याच्या पेशींत डीएनए नांवाचा एक फार लांब मजकूर असतो. त्यांत अक्षरें चारच, पण तो एका दमांत वाचतां येत नाहीं. यंत्रें त्याचे लहान लहान तुकडे वाचतात, आणि तुकड्यांवरून मूळ मजकूर जुळवावा लागतो. तो कसा जुळवितात हें आपल्या अक्षरांवर पाहूं. "कम, मल, लन, नय, यन" असे पांच तुकडे सांपडले, आणि प्रत्येक तुकडा म्हणजे एका अक्षराकडून दुसऱ्याकडे जाणारी वाट असें मानलें. आतां प्रत्येक वाटेनें एकदांच जाऊन फिरून या: क, म, ल, न, य, न. "कमलनयन" हा शब्द मिळाला! न हा नाका दोनदां लागला, पण वाट एकही दोनदां नाहीं. येथें वाटा एकेरी आहेत, म्हणून येणाऱ्या वाटा व जाणाऱ्या वाटा निरनिराळ्या मोजाव्या लागतात, एवढाच फरक. पेव्ह्झनर, टांग व वॉटरमन या संशोधकांनीं २००१ सालीं डीएनएच्या तुकड्यांस हीच रीति लावून दाखविली. ऑयलरला यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें, आणि तें ठाऊक नसल्यानें त्याचें कांहीं अडलेंही नाहीं.

त्या शहराचें पुढें काय झालें, असें वर्गांत एका मुलीनें विचारलें. ऑयलरचा निबंध वाचला गेला त्या वर्षीं त्याच शहरांत इमान्युएल कांट हा पुढें जगप्रसिद्ध झालेला तत्त्ववेत्ता अकरा वर्षांचा मुलगा होता. १८०४ सालीं तो वारला तोही तेथेंच. १९४४ सालच्या ऑगस्टांत, पहिला मोठा हल्ला २६ तारखेच्या रात्रीं, इंग्रजांच्या विमानांनीं शहरावर बाँब टाकले आणि जुनें शहर जळून गेलें. निबंध वाचला गेला तीही २६ ऑगस्टच. सातांपैकीं दोन पूल त्या युद्धांत गेले. १९४५ सालीं शहर रशियाच्या ताब्यांत गेलें व १९४६ सालीं त्याचें नांव कालिनिनग्राड झालें. पुढें बेटाला उत्तर व दक्षिण कांठांशीं जोडणारे उरलेले दोन पूलही काढून त्यांच्या जागीं बेटावरून जाणारा एक मोठा रस्त्याचा पूल बांधण्यांत आला. आतां त्या जुन्या सात जागांपैकीं पांच जागीं मात्र नदी ओलांडतां येते. बेटास तीन, पूर्वभागास तीन, दोन्ही कांठांस दोन दोन. म्हणजे जें फिरणें ऑयलरच्या काळीं अशक्य होतें, तें त्या पांच जागांपुरतें आज शक्य झालें आहे. मात्र बेटावरून निघून पूर्वभागावर संपवावें लागतें, किंवा उलट. कोडें सुटलें, पण तें शहर उरलें नाहीं.

आमच्या त्या विद्यार्थ्यास आम्हीं दुसऱ्या दिवशीं शाळा सुटल्यावर थांबवून घेतलें, आणि वर सांगितलेला विचार त्यास सांगितला. त्यानें वही उघडली, आपल्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर तीन, तीन, तीन, तीन असे आंकडे घातले, आणि बराच वेळ त्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मला येत नव्हतें असें नाहीं ना?" आम्ही म्हणालों, नाहीं. त्याचे वडील दारांत उभे होते, त्यांनींही तें ऐकलें. मग तेही आंत येऊन बांकावर बसले, आणि त्यांनीं वहींतल्या पाकिटाचे कोपरे आपल्या बोटानें मोजून पाहिले.

शनिवारीं त्या मुलानें आमच्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. कोनिग्सबर्गांत आठवा पूल बांधावयाचा झाला तर तो कोठें बांधावा म्हणजे सर्व पुलांवरून एकदांच फिरतां येईल, असें आम्हीं त्यास जातां जातां विचारलें होतें. चिठ्ठींत लिहिलें होतें: "कोणत्याही दोन भागांमध्यें बांधा, चालेल. कारण दोन विषम सम होतात आणि दोन उरतात. पण फिरून घरीं परत यावयाचें असेल तर दोन पूल बांधावे लागतील." ते दोन पूल कोठें बांधावे हें त्यानें लिहिलें नव्हतें. तें कोनिग्सबर्गच्या नकाशावर आमच्या वाचकांनीं काढावें. जागा एकाहून अधिक आहेत.